आतला भाईर, मंग पानी

१

आमच्या आगमंडळीनं आगीत कधी माणूस सोडला नाही, असं बालाघाटात लोक अजून म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बोट दाखवतात. मी खाली बघतो. त्यांना वाटतं, कप्तान किती विनयी आहे. विनय हा आजार आमच्या सात पिढ्यांत कुणाला झालेला नव्हता.

आमच्या गावानं बंबासाठी अर्ज केला होता तो नागपूरला. अर्ज पोचेपर्यंत राज्यांची वाटणी झाली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो, आणि अर्ज मध्येच कुठेतरी बसला. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या वॉर्डातली घरांची एक ओळ उभी जळाली. तेव्हा आम्ही चहा पिता पिता ठरवलं की बंब येईल तेव्हा येवो, तोवर आपणच बंब.

तिरोडीच्या खाणीतून भंगारात निघालेला एक हातपंप आम्ही आणला. तो महागूच्या बैलगाडीवर बसवला, शेजारी पाण्याचे पिंप ठेवले. महागूचे बैल आगीला भीत नसत. त्यांना भीती फक्त कामाची होती. पंप मारायला प्रेमलाल होता. तो स्टेशनावर हमाल, दोन पोती पाठीवर टाकून वर तंबाखू मळणारा. मी मोतीलाल, धानाच्या गिरणीत काट्यावर. गिरणीच्या घरघरीवर ओरडून वजनं सांगायची असल्यामुळे माझा आवाज तीन गल्ल्या जायचा, म्हणून मला कप्तान केलं. अक्कल कुणी तपासली नाही.

माझी बायको अनुसया तेवढी या सगळ्याच्या विरुद्ध होती. मी निघालो की ती उंबऱ्यात उभी राहून सुरू व्हायची. "गावाच्या आगी इझवाले पाय लागतेत, अन् घरची चूल पेटवा म्हनलं तं कान बसतेत!" मी गल्लीच्या वळणापर्यंत पोचलो तरी तिचं बोलणं माझ्या पाठीवर येत असे. एखाद्या दिवशी ती काही बोलली नाही, तर मला चहात साखर नसल्यासारखं वाटायचं. तिला शिव्या दिल्याशिवाय माझी काळजी करता येत नव्हती, आणि त्या खाल्ल्याशिवाय मला घर घरासारखं वाटत नव्हतं.

२

आग लागली हे मंडळीला कळायचं कसं, हा पहिला प्रश्न होता. गावात टेलिफोन होते, पण ज्यांच्याकडे होते त्यांची घरं दगडी, आणि जळायची ती सगळी कुडाची. म्हणून दुलीचंदच्या पानठेल्यापाशी जो कडुनिंब आहे, त्याला आम्ही रुळाचा एक तुकडा टांगला. आग दिसली की त्यावर लोखंडी सळईनं टोला द्यायचा.

पहिल्याच शिमग्यात पोरांनी दिवसभर टोले दिले. बैल या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन जाऊन शेवटी रस्त्यातच बसले, आणि महागू त्यांच्या शेजारी बसून रडला. तेव्हा दुलीचंदनं कायदा काढला. देवळासमोरून त्याच्या चपला दोनदा चोरीला गेल्या होत्या. तेव्हापासून तो देवाकडे पाहत नसे आणि माणसांच्या तोंडाकडेही पाहत नसे, फक्त पायांकडे. गिऱ्हाइकाचं पान तो चपलेवरून ओळखून लावायचा.

कायदा असा. टोला देणाऱ्यानं डाव्या पायातली चप्पल काढून झाडाच्या खिळ्याला अडकवायची, आणि एका चपलेनं गाडीच्या पुढे पळत वाट दाखवायची. आग खरी निघाली तर चप्पल परत. खोटी निघाली तर ती पुढच्या शिमग्यापर्यंत खिळ्यावर, येणारे जाणारे बघतील आणि नाव घेऊन हसतील. एकटी चप्पल कुणी चोरत नाही, म्हणून ती सुरक्षित. या कायद्यानंतर खोटे टोले बंद झाले.

दुसरा कायदा प्रेमलालचा. पहिल्या आगीत आम्ही उत्साहाच्या भरात आधी पाणी मारलं होतं, आणि आतली म्हातारी जळण्यापासून वाचली ती बुडता बुडता. तेव्हापासून गाडी थांबली की प्रेमलाल ओरडायचा, "आतला भाईर, मंग पानी!" आम्ही सगळे तेच ओरडायचो. आमचा मंत्र म्हणा.

३

पहिला प्रकार घडला तो शेवंताबाईच्या वेळी. वैशाखातली भर दुपार होती. टोला ऐकून मी गिरणीतून पळत आलो, प्रेमलाल स्टेशनाकडून आला, महागू गाडी जोडून आला. झाडाखाली कुणी नव्हतं. रूळ हलत होता आणि खिळ्यावर एक चप्पल होती. दुलीचंद ठेल्यावर घोरत होता. मी त्याला हलवलं.

त्यानं एक डोळा उघडला. "शेवंताबाईची. अंगठ्यापाशी कापली हाय पाहा, तिले कुरूप हाय."

शेवंताबाई मागच्या गल्लीत एकटी राहायची. तिच्या कौलांतून धूर येत होता. दाराला कडी होती. प्रेमलालनं खांदा लावून दार पाडलं, तर म्हातारी चुलीपाशी आडवी, धुरानं बेशुद्ध. आम्ही तिला बाहेर आणलं, मग पाणी मारलं. तिच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता.

शुद्धीवर येताच ती म्हणाली, "माहा दरवाजा कोनं तोडला?"

"आजी, तुमीच तं टोला देल्ला," मी म्हणालो.

"मी? गुडघा धरून बसली हावो दिवाळीपासून! आंगनात जाता येत नाई, अन् मी त्या झाडापाशी गेलती? दरवाजा भरून दे पहिले."

धूर डोक्यात गेला, असं आम्ही ठरवलं. म्हातारी आली असेल, टोला दिला असेल, घर वाचवायला परत गेली असेल आणि विसरली असेल. कडी आतून लावलेली होती, ही गोष्ट मला घरी ताटावर बसल्यावर आठवली. मी ती अनुसयेला सांगितली.

"मागच्या दारानं निंगाली असन."

शेवंताबाईच्या घराला मागचं दार नव्हतं. पण भात गरम होता, वर वांग्याची भाजी होती, म्हणून मी तो विचार बाजूला सारून जेवलो. शेवंताबाई मात्र मरेपर्यंत दोन गोष्टींवर अडून राहिली. आपण घराबाहेर पडलो नव्हतो, आणि दार मंडळीनंच भरून द्यायला हवं.

४

भैयालाल सेठचं धान्याचं गोदाम होतं. सेठ देहानं असा की दुकानातून गोदामात जाताना वाटेत एकदा बसून घ्यायचा. एका दुपारी टोला झाला आणि खिळ्यावर त्याच्या डाव्या पायातला कशिद्याचा जोडा लटकलेला. आम्ही गाडी हाकली. चौकाच्या पुढे महागू एकदम ओरडला, "सेठ, गाडीत बसा ना जी!"

मी पाहिलं. रस्त्यावर पुढे सेठ पळत होता. डावा पाय उघडा, उजव्या पायात जोडा. आमच्या बैलांच्या पुढे राहणं ही काही मोठी गोष्ट नाही, गावातली कासवंही राहतील. पण भैयालाल सेठ पळतो आहे हेच मला पटेना. त्याच्या पायाखालून धूळ उडत नव्हती. तो एकदाही मागे वळला नाही, आणि गोदामाच्या कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला.

गोदामातून धूर निघत होता. आतून कुणीतरी दार बडवत होतं. अडसर अडकला होता. प्रेमलालनं पहारेनं तो तोडला आणि पाठीवर घालून बाहेर आणला तो भैयालाल सेठच. प्रेमलालच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शौर्य ते. आगीपेक्षा त्याला वजनाचीच भीती वाटली होती, असं तो म्हणायचा.

आम्ही सेठला म्हणालो, तुम्ही तर आमच्या पुढे पळत होता. सेठ खोकता खोकता भडकला. "मैं बाहर होता तो अंदर कायको चिल्लाता?"

महागू रस्त्याकडे बघत राहिला होता. तो हळूच म्हणाला, "हा भाईर आला, अन् तो गेला."

"कोन तो?"

"तोच. म्हंजे हाच."

आम्ही पोट धरून हसलो. महागूला ऊन लागलं असं ठरलं, आणि दुलीचंदनं त्याला फुकट सरबत पाजलं.

पुनारामच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. पुनारामचे दोन्ही पाय कधीचे लुळे पडलेले. बरा होईल या आशेनं त्याच्या पोरानं नव्या चपलांची जोडी खाटेखाली ठेवली होती, ती तशीच कोरी पडून. त्या जोडीतली डावी आम्हाला खिळ्यावर मिळाली. तळाला ओला चिखल होता. पुनारामला आम्ही खाटेसकट बाहेर काढलं. तो प्रत्येकाला हात जोडत होता, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो.

संध्याकाळी ठेल्यावर दुलीचंद म्हणाला, "पाह्यना मोतीभाऊ, आपन आग इझवनारे मानसं. कोन टोला देते, कसा देते, हे आपलं काम नोय. चप्पल पाहाची, घर पाहाचं, आतला भाईर आनाचा. बस."

माणूस कशालाही सरावतो. आम्ही सरावलो. उलट सोय झाली म्हणा, कारण आत कुणी आहे का ते विचारावं लागत नव्हतं.

५

ते साल अडुसष्ट असेल किंवा एकोणसत्तर. त्या उन्हाळ्यात गिरणी बंद होती. सकाळी अनुसयेनं माझ्या दोन्ही चपला शिवायला घेतल्या. चामड्याचे पट्टे उसवले होते. तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा तिनं दाभणात ओवला.

"पाय हायेत का नांगर? बैलाच्या खुराले नाल मारतेत, तसे तुमच्या पायाले मारू का?"

"मार," मी म्हणालो.

अनुसया डावखुरी. तिचे टाके सगळ्या जगाच्या उलट्या बाजूला कलतात. आमच्या घरातली गोधडी असो की सदऱ्याची गुंडी, लांबून ओळखू येते. चपला माझ्यासमोर टाकून ती शेजारी सत्यभामेकडे पापड लाटायला गेली. जाता जाता म्हणाली, "झोपान आता म्हशीवानी!"

मी जेवलो. मागची खोली थंड असते. तनसाच्या, धानाच्या वाळल्या गवताच्या, पेंढ्या तिथेच ठेवायचो. कुणी पापड वाळवायला बोलावू नये म्हणून मी आतून कडी लावली आणि चपला न काढताच आडवा झालो.

मग रुळाचा टोला ऐकू आला, आणि मी झाडाखाली होतो.

प्रेमलाल पळत आला. महागूची गाडी आली. दुलीचंदनं ठेल्यावरून खाली पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या पायांकडे. खिळ्यावर चप्पल होती. लाल दोऱ्यानं शिवलेली.

"मोतीभाऊ, टोला तूच देल्ला का?"

"मी कायले देऊ? मी तं टोला आयकून आलो."

"कोठून आला?"

सोपा सवाल होता. पण खोलीतून उठल्याचं आठवेना, कडी काढल्याचं आठवेना, वाट आठवेना. मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा होता. त्या तापल्या जमिनीवर त्या वेळी कुत्रीही पाय ठेवत नव्हती. माझ्या डाव्या तळव्याला काहीच कळत नव्हतं.

"मी इथंच हावो ना रे?" मी विचारलं.

"दिसून तं राह्यला," दुलीचंद म्हणाला. तो प्रथमच माझ्या तोंडाकडे बघत होता.

प्रेमलालनं माझ्या घराच्या दिशेला हात केला. तिकडून धूर वर चढत होता.

६

वाटेभर मी स्वतःला समजावत होतो. उन्हात उठलो, धूर दिसला, घाबरून टोला दिला, कायद्याप्रमाणे चप्पल टांगली, आणि उन्हानं विसरलो. शेवंताबाईला धूर चढला होता, मला ऊन चढलं. अनुसया सत्यभामेकडे सुखरूप आहे. आत तनसाच्या पेंढ्या आहेत, दुसरं काही नाही. सगळं नीट जुळत होतं. फक्त महागू बैल हाकता हाकता पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. स्टेशनावर गाडी सुटताना माणसं बघतात तसं तो बघत होता.

अनुसया मागच्या खोलीच्या दाराशी होती. हात पापडाच्या पिठानं माखलेले. ती दार बडवत ओरडत होती, "उठा ना वो! उठा! कडी काढा!" सत्यभामा तिला मागे ओढत होती.

मी म्हणालो, "अनुसये, मी हा इथं."

तिनं वळून पाहिलं. तिच्या तोंडावर आधी जे आलं ते मी आजही सोडायला तयार नाही. ती इतकी सुखावली की आता शिव्या देणार असं मला वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात दारावर आतून कुणीतरी मूठ मारली.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी इथं. मंग आत कोन ठोकून राह्यलं?"

आतून आवाज आला. तीन गल्ल्या जाणारा आवाज, गिरणीत ओरडून कमावलेला.

"प्रेम्या! कडी तापली रे, हात लावता येत नाई! आतला भाईर, मंग पानी!"

दाराखाली बोटभर फट होती. मी वाकलो. धूर होता, आणि धुरात एक पाय होता. डावा, उघडा. अंगठ्याचं नख काळं. पन्नास किलोचं वजन पडून काळं झालेलं ते नख मला चांगलं माहीत होतं. मी माझा पाय पाहिला. माझंही नख काळंच होतं.

मला भीती वाटली. आणि त्या भीतीतही एक गोष्ट स्पष्ट सुचली, महागूची. हा भाईर आला, अन् तो गेला. शेवंताबाई बाहेर आली आणि टोला देणारी कुणाला दिसली नाही. सेठ बाहेर आला आणि रस्त्यावरचा सेठ संपला. आता प्रेमलाल हे दार पाडणार होता.

त्यानं पहार उचलली होती. ती तशीच धरून त्यानं मला विचारलं, "कप्तान?"

मी तर इथे होतो. मला अनुसया दिसत होती, तिच्या हाताचं पीठ दिसत होतं, मला तहान लागली होती. माझ्या जागी दुसऱ्या कुणी काय सांगितलं असतं?

"कोनी नाई आत," मी म्हणालो. "पानी मारा."

प्रेमलालनं पहार खाली ठेवली. पंपाची दांडी धरली. कायदा झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच मंडळीनं आधी पाणी मारलं. आतून बडवणं बराच वेळ चालू होतं. मग छप्पर बसलं.

७

राखेत काही सापडलं नाही. हाड नाही, कापड नाही. प्रेमलालनं दोनदा फावडं फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पाहा, कोनीच नवतं." सगळ्यांनी हौ म्हटलं. एका पडलेल्या कौलाखाली तेवढी एक उजव्या पायातली चप्पल निघाली. कडेनं करपलेली, पण पट्टा साबूत होता.

दुलीचंदनं खिळ्यावरची डावी काढून आणून दिली. अनुसयेनं दोन्ही मांडीवर घेतल्या. लाल टाके दोन्हीवर डावीकडे कललेले. जोडी जुळली. मग तिनं माझ्या पायातली मागितली. मी काढून दिली. तोच लाल दोरा, तोच पट्टा. टाके उजवीकडे कललेले होते, जगातल्या कुठल्याही बाईच्या हातचे असावेत तसे.

मी म्हणालो, "घाईत शिवली असन तू."

तिनं माझी चप्पल माझ्यासमोर नीट ठेवली आणि चूल पेटवायला गेली.

पुढे गावाला खरा बंब आला, मंडळी मोडली. बैल म्हातारे होऊन मेले, कामानं नव्हे. मी उन्हाळ्यात अनवाणी फिरतो, डाव्या पायाला चटका बसत नाही. मी जेवतो, झोपतो, मला सर्दी होते. सर्दी होणारा माणूस खोटा कसा असेल, हे मी स्वतःला रोज सांगतो, आणि बहुतेक दिवस पटतं.

अनुसया मला काही कमी पडू देत नाही. मी उठायच्या आत पाणी काढून ठेवते. ताट वाढून बाजूला बसते, आणखी घ्या म्हणते, निघताना जपून जा म्हणते. ती करपलेली जोडी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आहे, बोटं घराकडे करून. ती रोज सकाळी पुसते.

परवा मीच मुद्दाम भरलेला तांब्या लाथेनं सांडला. सगळ्या घरभर पाणी झालं. मी वाट बघत उभा राहिलो. ती उठली, फडकं घेऊन गुमान पुसायला लागली.

मला राहवलं नाही. "अनुसये, एक डाव तरी शिव्या दे ना वो."

तिनं पदर सावरला, आणि अगदी मायेनं म्हणाली, "पाहुन्याले कोनी शिव्या देते का?"